थंड कंटेनरातली शेगडी

१३ जुलै १९९७, रविवार

सकाळी गुरूचा, म्हणजे गुरुप्रसादचा, फोन आला. आशाचा धाकटा भाऊ. पंचवीस वर्षांपूर्वी मनालीला गिर्यारोहणाचा कोर्स करायला गेला तो पुण्याला परत आलाच नाही. कुल्लूजवळ लाहौलच्या मुलांसाठी वसतिगृह चालवतो. बर्फामुळे वरची खिंड बंद झाली की या मुलांचे आईबाप पलीकडे अडकतात, म्हणून पोरं हिवाळाभर त्याच्याकडेच असतात.

गेल्या जानेवारीत तिथे काय झालं ते त्यानं आज पहिल्यांदा सांगितलं. मुलींनी रात्री थंडीसाठी कोळशाची अंगेठी खोलीत घेतली, दारंखिडक्या घट्ट लावल्या. सकाळी दोघी उठेनात. दवाखान्यात नेल्यावर शुद्धीवर आल्या. "थोडा उशीर झाला असता तर मी ही संस्थाच बंद केली असती, ताई," असं तो म्हणाला. यंदा काय करायचं ते त्याला कळत नाहीये. बर्फ पडलं की वीज जाते, सरपण महाग झालंय, जंगलातून तोडायचं तर परवानगी नाही. आसपास सफरचंदाच्या पेट्या बनवणाऱ्या आरा गिरण्या मात्र भरपूर. त्यांच्या भुशाचे ढीग नदीकाठी नुसते कुजत पडतात.

फोन ठेवल्यावर आशा खिडकीपाशी गेली. मग म्हणाली, "अहो, आमच्याकडे लहानपणी आंघोळीचं पाणी भुशाच्या शेगडीवर तापायचं."

मी म्हटलं, त्या शेगडीनं पाणी तापतं, घर तापत नाही, आणि धूर किती होतो ते आठव. एवढ्यावर न थांबता मी तिला ज्वलनाबद्दल बरंच समजावून सांगितलं. बॉयलरपाशी आयुष्य गेलंय माझं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या जहाजांच्या यार्डात टाकीत उतरण्याआधी विषारी वायू तपासतात, ते मीटर मिळेल का चार-सहा महिने?"

मला हसू आलं. पण विरंगुळा म्हणून बरं आहे. मुलगी किमया मोठी झाली, मी निम्मा महिना जहाजांवर. माझ्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर तिला इथे सिंगापुरात नोकरी करता येत नाही. कशात तरी मन रमायला हवंच.

२ ऑगस्ट, शनिवार

आशानं सुंगेई काडुटच्या खोक्यांच्या कारखान्यातून पोतंभर भुसा आणून फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये वर्तमानपत्रांवर वाळत घातला. दुपारी वारा सुटला. शेजारच्या मिसेस लिम यांचे बांबूवर वाळत घातलेले सगळे कपडे भुशानं माखले. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा आशा त्यांच्या मोरीत बसून चादरी धूत होती आणि मिसेस लिम स्टुलावर बसून तिला चहा देत होत्या. दोघींची चांगली गट्टी जमलेली दिसली. आता भुसा त्यांच्या स्वयंपाकघरात वाळतो.

किमयानं मला सांगून टाकलं, "पपा, माय फ्रेंड्स विल थिंक वी आर मॅड, लाह."

१७ ऑगस्ट, रविवार

शेगडी पेटवायची कुठे हा प्रश्न होता. फ्लॅटमध्ये शक्यच नव्हतं. कोह मदतीला आला. सेम्बावांगला त्याचं रीफर दुरुस्त करायचं यार्ड आहे. रीफर म्हणजे मासे, फळं नेणारे थंड कंटेनर. आमच्या यार्डाची कामं तो करतो, म्हणून ओळख. पुलाउ उबीन बेटावर त्याच्या आईचं जुनं घर रिकामं आहे. मी जरा संकोचतच विचारलं, तर तो लगेच म्हणाला, "कॅन, कॅन. माझी आई तिथे आयुष्यभर लाकडं जाळत होती. भिंतींना सवय आहे."

चांगीच्या धक्क्यावरून बमबोटीनं, म्हणजे छोट्या मोटरबोटीनं, गेलो. आशानं तेलाच्या पिंपाची शेगडी बनवून घेतली आहे. आत दुसरं लहान पिंप, त्यात मधोमध बांबू उभा धरून भोवती भुसा ठासायचा, मग बांबू अलगद ओढून काढायचा. राहिलेल्या भोकातून खालून हवा येते आणि भुसा आतून बाहेर असा जळत जातो. बाहेरच्या पिंपाला खाली हवेची झडप, वर झाकण आणि धुराची नळी.

आजचा प्रयोग साफ फसला. बांबू काढताना भुसा ढासळला, नुसता धूर झाला. आमच्या डोळ्यांतून पाणी आणि कोह अंगणात हसतोय. "काय चुकलं ते मी सांगू का," असं मी म्हणत होतो. आशा म्हणाली, "थांबा जरा. एका वेळी एकच गोष्ट बदलू या, नाहीतर कशानं सुधारलं ते कळणार नाही." कपाळावर काजळी, पदर खोचलेला, आणि आवाज अगदी शांत. हा आवाज मला नवा वाटला.

७ सप्टेंबर, रविवार

आता जमायला लागलंय. भुसा किंचित ओलसर केला की नीट ठासतो, फार ओला केला की धुमसतो. बांबूला तेलाचा हात लावला की सहज निघतो. एकदा भरलेली शेगडी आज आम्ही उबीनवर पोचल्यापासून परतीच्या बोटीपर्यंत जळत राहिली. मध्ये एकदाही हात लावावा लागला नाही. अंगातून घामाच्या धारा वाहत असताना आम्ही दोघं उकाड्यात खोली तापवत बसलो होतो. सायकलवरून जाणारी पोरं थांबून बघत होती.

घरी आल्यावर ती दहावीच्या विज्ञानाची पुस्तकं उघडून बसते. हिंदीतली आहेत, गुरूनं पाठवली. किमयाच्या अभ्यासासाठी चाललं असणार. तसं मी किमयाला म्हटलं तर ती म्हणाली, "नॉट फॉर मी, पपा." हल्ली ही मुलगी सरळ उत्तरच देत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार



इंडोनेशियातल्या वणव्यांचा धूर शहरावर साचलाय. समोरचा ब्लॉक दिसत नाही, टीव्हीवर रोज हवेचा आकडा सांगतात. बोटवाला आज उबीनला यायला तयार नव्हता, आशानं त्याला राजी केलं. आज तिला खरी परीक्षा घ्यायची होती. मुली रात्री झोपताना शेगडीची हवा कमी करणार, दारंखिडक्या लावणार. अगदी तसंच करून मीटर काय दाखवतं ते बघायचं.

खोली बंद करून ती मी यार्डातून आणून दिलेलं मीटर घेऊन आत बसली. मी बाहेर दाराशी, कोह अंगणात. मला वाटलं होतं, धूर नाही म्हणजे सगळं ठीक आहे. तिनं दर थोड्या वेळानं आकडा ओरडून सांगायचा असं ठरलं होतं. दोन-तीनदा सांगितला. मग मीटरची शिट्टी वाजायला लागली आणि तिचा आवाज येईना.

मी दार लाथेनं उघडलं. ती जमिनीवर बसलेली, कडी शोधत असावी, पण हात भिंतीवर भलतीकडेच फिरत होता. मी तिला उचलून अंगणात आणलं. थोड्या वेळानं उलटी झाली, डोकं ठणकत होतं, पण बोलायला लागली. पहिलं वाक्य काय, तर "झाकणातून येतोय. नळीतून नाही."

जहाजावर मी माणसं गेलेली पाहिली आहेत, अशाच वायूनं. आज मी तिच्यावर ओरडलो. कोहसमोर ओरडलो. हे सगळं आता बंद, असं सांगितलं.  घरी येताना वाटेत मी तिला डॉक्टरकडे नेलं. ठीक आहे म्हणाले.

२४ सप्टेंबर, बुधवार

तीन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं. आज जेवताना ती म्हणाली, "मी त्या खोलीत बसले तेव्हा मला काही कळलंच नाही हो. वास नाही, धूर नाही. नुसती झोप यायला लागली. त्या मुलींना असंच झालं असणार. माझ्यासाठी निदान बाहेर तुम्ही होतात."

 मी पोळी मोडत राहिलो. मग मीच विचारलं, "झाकण घट्ट बसवायचं कसं? रबर टिकणार नाही, अॅस्बेस्टॉसची दोरी मुलांच्या खोलीत नको."

"बिर्याणीच्या हंडीला कणीक लावतात तसं काहीतरी," ती म्हणाली. "कणीक जळेल. पण काठाला पन्हळीसारखी खाच केली आणि तिच्यात वाळू भरली तर? झाकणाची कड वाळूत रुतून बसेल. वायू वाळूतून वाट काढण्यापेक्षा नळीनं जाईल. पोरींना रोज उघडता येईल आणि बिघडण्यासारखं त्यात काहीच नाही."

मी कागद घेतला, काढून पाहिलं. जगभर बॉयलरांवर काम करणाऱ्या माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही अजून थोडा वेळ घेतला असता तर तुम्हालाही सुचलं असतं." मला नाही तसं वाटत.

दोन अटी मी घातल्या. हवेची झडप पूर्ण बंद होताच कामा नये, तिला अडसर वेल्ड करायचा. आणि यापुढे मीटर दोरीनं खिडकीतून आत सोडायचं, माणूस आत जाणार नाही. तिनं दोन्ही लगेच मान्य केल्या. पहिली अट तिच्या चित्रात आधीपासूनच होती, हे मला नंतर दिसलं.

५ ऑक्टोबर, रविवार

वाळूची खाच मी स्वतः वेल्ड केली. उबीनवर बंद खोलीत मीटर दिवसभर गप्प. कोहनं संध्याकाळी आईच्या फोटोसमोर उदबत्ती लावली आणि आशाला म्हणाला, "तुम्ही फार हट्टी. ती पण अशीच होती."

१९ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस आठवणीत राहील.

आशाचं म्हणणं असं की शेगडी सुरक्षित आहे हे कळलं, पण ती थंड खोली तापवते की नाही हे सिंगापुरात कळणार कसं? इथे थंडी आणायची कुठून? मी सहज म्हणून गेलो, "थंडी एकाच ठिकाणी मिळते, कोहच्या कंटेनरात." ती माझ्याकडे बघतच राहिली.

कोहनं आधी डोक्याला हात लावला. मग एक मोडीत निघालेला, पण यंत्र चालू असलेला रीफर दिला, छताला नळीपुरतं भोक पाडलं, तळाला विटा मांडल्या. वेल्डिंगचं काम तिथे रोज होतं, तेव्हा विस्तवाचा प्रश्न नव्हता. रात्रभर कंटेनर गार केला. सकाळी आम्ही दार उघडलं तर तोंडातून वाफ निघत होती. आशानं माझा उत्तर अटलांटिकवरचा जाड कोट घातला, तो तिला गुडघ्याखाली आला. बाहेर कोहची माणसं गंजीफ्रॉकवर.

कंटेनरच्या भिंती जाड असतात, तिथल्या लाकडी खोलीच्या तशा नाहीत, म्हणून तिनं दार वीतभर उघडं ठेवायला सांगितलं. मग यंत्र बंद करून शेगडी पेटवली आणि मीटर दोरीला बांधून आत सोडलं.

हळूहळू भिंतींवरचं दव गेलं. जेवणाच्या सुमाराला मीटर गप्प आहे हे पाहून दार पुरतं उघडलं आणि आम्ही सगळे आत शिरलो. ऊब होती. पिंपापाशी बसवेना, पण कोपऱ्यात अगदी जानेवारीतल्या पुण्याच्या दुपारच्या उन्हासारखी ऊब. कोहचा फोरमन म्हणाला, "सो शिओक, लाह." शिओक म्हणजे झोप येईल इतकं सुखाचं. आणि हे सगळं टाकून दिलेल्या भुशावर.

आशा कोट काढून हातावर घेऊन उभी होती. मी तिचं अभिनंदन केलं, हात पुढे केला. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण तिच्याशी हस्तांदोलन आज पहिल्यांदा केलं.

आता चित्रं कुल्लूला पाठवली की झालं. गुरू तिथल्या लोहाराकडून करून घेईल.

३० ऑक्टोबर, गुरुवार. दिवाळी

पहाटेचा फराळ झाल्यावर आशानं सांगितलं. ती नोव्हेंबरअखेर कुल्लूला जाणार आहे आणि मार्चपर्यंत तिथेच राहणार आहे. शेगड्या बसवून घ्यायच्या, मुलींना त्या वापरायला शिकवायच्या. शिवाय वसतिगृहातल्या दहावीच्या मुलांची विज्ञानाची शिक्षिका ऑगस्टातच सोडून गेली, मार्चमध्ये त्यांची परीक्षा आहे. पूर्वी ती शाळेत शिकवायची म्हणून गुरूनं विचारलं आणि ती हो म्हणाली.

"माझ्याशी बोलण्याआधी?" मी विचारलं.

"तुमच्याशी बोलण्याआधी," ती म्हणाली. "तुमच्याशी आधी बोलले असते तर मीच नाही म्हटलं असतं."

मला या वाक्याचा राग आला. अजून आहे. मी काही तिला कोंडून ठेवलेलं नाही. फ्लॅट आहे, महाराष्ट्र मंडळातल्या बायका आहेत, मी दर महिन्याला घरी येतो. आणखी काय हवं असतं माणसाला? संध्याकाळी मंडळाच्या फराळाला गेलो तर प्रत्येक जण तिचं कौतुक करत होता आणि मी हसत मान डोलावत होतो.

२ नोव्हेंबर, रविवार

किमयाला विचारलं, तुला माहीत होतं का. म्हणाली, "ऑफ कोर्स. त्या हिंदी बुक्स कुणासाठी वाटल्या तुम्हाला?"

मग ती मराठीत बोलायला लागली. फार मोठं काही सांगायचं असलं की ती मराठीत येते. "पपा, तुम्ही शिपवर असता ना, तेव्हा आई डायनिंग टेबलवर एकटी बसून लेसन्स प्लॅन करते. क्लास नसताना. मी लहान होते तेव्हापासून. खडूची पेटी पण आहे तिच्याकडे."

मी म्हटलं, मला कधी दिसली नाही.

"तुम्ही आलात की ती ठेवून देते."

तू आईबरोबर सुटीत जाणार का, असं विचारल्यावर म्हणाली, "नो लाह. तुम्हाला जेवायला कोण घालणार?" तिला भात लावण्यापलीकडे काही येत नाही. मलाही नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चांगी विमानतळावर आशाला सोडून आलो. कोह आला होता, मिसेस लिम आल्या होत्या, त्यांनी लोकरीचे पायमोजे विणून दिले. या देशात त्यांनी लोकर कुठून शोधली कोण जाणे.

यार्डातून मी एक जुनं मीटर मागून घेतलं होतं, तपासून, नवी बॅटरी घालून. ते आत जाताना तिच्या हातात दिलं. "रोज बघत जा," एवढंच म्हणालो. खरं तर बरंच बोलायचं होतं. गेले तीन आठवडे मी तिच्याशी नीट बोललो नाही, हे तिलाही माहीत होतं. तिनं माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं, किमयाला जवळ घेतलं आणि गेली.

परत येताना एमआरटीच्या गाडीत किमया माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. किंवा झोपल्यासारखं केलं.

१४ डिसेंबर, रविवार

फोन. लाइन खरखरत होती. तिकडे पहिलं बर्फ पडलं. भुंतरच्या लोहारानं शेगड्या बनवल्या, मुलींच्या खोलीत पहिली बसवली, आणि पहिल्याच दिवशी दरीतला वारा उलटा नळीत शिरून खोलीभर धूर झाला.  मी घाईघाईनं नळी कशी बदलायची ते सांगायला लागलो.

"झालं ते," आशा म्हणाली. "नळी छपराच्या कण्यापेक्षा उंच नेली आणि वर टोपी बसवली. कालपासून उत्तम चालू आहे. तुमचा काय बेत होता, सांगा, मी लिहून घेते."

माझा बेत तोच होता. मी म्हटलं, "लिहून घेण्यासारखं काही नाही." मग गुरू फोनवर आला. "भावोजी, पलीकडच्या गावातून दोन शाळांची माणसं बघायला येऊन गेली. ताईनं त्यांना आधी धोका समजावला, मग शेगडी दाखवली. एकाला तर सरळ सांगितलं, नळी नीट लावणार नसाल तर चित्र देणार नाही." मला हे ऐकून फार अभिमान वाटला. थंडी फार आहे का, एवढंच विचारलं.

किमया आणि मी हॉकर सेंटरमध्ये जेवलो. फ्लॅट फार मोठा वाटतो.

३० जानेवारी १९९८, शुक्रवार. कुल्लू

चायनीज न्यू इयर आणि हरी राया, म्हणजे ईद, यंदा एकाच आठवड्यात आले. जोडून रजा मिळाली, किमयाच्या शाळेलाही सुटी. दिल्लीहून बसनं आलो. बर्फामुळे रस्ता तुंबला होता, त्यामुळे कालऐवजी आज दुपारी पोचलो. गुरू फाटकाशी उभा होता. किमयानं आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिलं आणि ती तिथेच रेंगाळली. गुरूनं मला सांगितलं, "ताई वर्गात आहे. जा तुम्ही, मागं बसा, आवाज करू नका."

दार हळूच लोटलं. आत ऊब होती. भिंतीशी शेगडी, तिची नळी छतातून वर गेलेली. मुलं-मुली घोंगड्यांवर मांडी घालून बसली होती, गाल लाल, स्वेटरांचे कोपरे उसवलेले. आशानं डोक्याला शाल गुंडाळली होती, हातांना खडू लागला होता. तिनं मला पाहिलं. खडू थबकला नाही. तिनं नुसती मान हलवली, बसा अशी, आणि पुढे बोलत राहिली. मी शेवटच्या रांगेत एका मुलीशेजारी जागा करून घेतली. तिनं अर्धी घोंगडी माझ्याकडे सरकवली.

आशा अर्थातच हिंदीत शिकवत होती, आपल्या पुणेरी हिंदीत. फळ्यावर शेगडी काढली होती. विचारत होती, "खोलीला झरोका आहे, शेगडीलाही हवेची वाट आहे. मग धूर नळीनंच वर का जातो? झरोक्यातून का नाही जात?"

सगळे गप्प. कुणी नळीकडे बघतंय, कुणी खाली. आशा थांबून राहिली. तिला घाई नव्हती. ती एकेका चेहऱ्याकडे बघत होती, जणू उत्तर तिथे कुठेतरी आहेच आणि ते बाहेर येईपर्यंत थांबायला तिला दिवसभर चाललं असतं. मी तिला अशी थांबलेली कधी पाहिली नव्हती. लग्नाआधी ती पाच वर्षं शाळेत शिकवत होती, नंतरही तीन वर्षं. मी तेव्हा समुद्रावर असायचो. इतक्या वर्षांत एकदाही मी तिच्या वर्गात गेलो नव्हतो.

मी हात वर केला.

पोरं वळून बघायला लागली. आशाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "हां, पीछेवाले. बोलिए."

"ड्राफ्ट," मी म्हणालो.

"हा नुसता शब्द झाला," ती म्हणाली. "कारण सांगा."

मी उभा राहिलो. तापलेली हवा हलकी होते, उंच नळीत ती वर चढते, आणि तिची जागा घ्यायला खालून नवी हवा आत ओढली जाते, असं मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. नळी जितकी उंच आणि गरम, तितकी ओढ जास्त. हवा "चढता है" म्हणालो तेव्हा शेजारची मुलगी तोंडावर हात ठेवून हसली.

आशा पूर्ण ऐकेपर्यंत थांबली. "बरोबर," ती म्हणाली. "बैठिए."

आणि वर्गाकडे वळून पुढचा प्रश्न विचारला. मी बसलो. तास संपेपर्यंत बसून राहिलो.